जुनी मोटार घेतांना गियरबॉक्सची परीक्षा

साखर कारखान्याचें ऊंसबिल खात्यांत जमा झालें कीं आमच्या भागांतील पुष्कळ घरांत मोटारीची गोष्ट निघते. नवी घ्यावयाची तर कर्ज काढावें लागतें. म्हणून चार-सहा वर्षें वापरलेली मोटार पाहण्याकडे बहुतेकांचा कल असतो, व आमच्या मतें तो वावगा नाहीं. मात्र अशी मोटार पाहावयास जाणारे काय पाहतात, हें आम्हीं अनेकदां जवळून पाहिलें आहे. रंग पाहतात, टायर पाहतात, बैठकींवरील आवरणें चांचपतात. बरोबर कोणी जाणता असला तर तो बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो. गियरबॉक्सकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. तो खालीं, अंधारांत, तेलकट धुळीनें माखलेला असतो. आणि विकणाराच्या मनांत असलें तर तासभर त्याला गप्प ठेवतां येतें. त्या गप्प बसलेल्या पेटीस बोलतें कसें करावें, एवढेंच या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

हें ज्ञान आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. नोकरी संपल्यावर आम्हीं एक वापरलेली मोटार २ लाख ४० हजार रुपयांस घेतली. विकणारानें ती भर दुपारीं दाखविली, दोन-तीन किलोमीटर फिरविली. गियर लोण्यांत सुरी जावी तसे पडत होते. पुढें दीड महिन्यानें कराडहून चिपळूणास जातांना कुंभार्ली घाट उतरत असतां तिसरा गियर आपोआप सुटून दांडी न्यूट्रलमध्यें आली. इंजिनाचा आवर सुटला, मोटार धांवूं लागली. ब्रेक शाबूत होते म्हणून निभावलें. मागें आमच्या मातोश्री व दोन नातवंडें बसलीं होतीं. पुढें मेस्त्रीनें गियरबॉक्स उतरवून ऑईल काढलें तें काकवीसारखें दाट निघालें. आंतील झिजलेल्या दांत्यांचा आवाज दाबण्यासाठीं कोणी तरी नेहमीच्यापेक्षां पुष्कळ जाड ऑईल भरलें होतें. दुरुस्तीस ३६ हजार रुपये लागले. तीस वर्षें फेरफारांतील खाडाखोड शोधण्यांत ज्याची नजर तयार झाली, त्यास ही खाडाखोड दिसूं नये, याची आम्हांस रुपयांपेक्षां अधिक खंत वाटली.

प्रथम हा गियरबॉक्स करतो काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. इंजिनाचा जोर ठराविक वेगांतच चांगला लागतो. भरलेली गाडी चढावर ओढतांना सावकाश परंतु जोराची चाल लागते, आणि सपाट रस्त्यावर हलकी परंतु वेगाची. लहान दांत्याच्या चाकानें मोठें चाक फिरविलें कीं वेग घटतो व जोर वाढतो. अशा लहानमोठ्या जोड्या एका पेटींत तेलांत बुडवून बसविल्या कीं गियरबॉक्स झाला. इंजिन व ही पेटी यांना क्षणभर अलग करण्याचें काम क्लच करतो. पूर्वींच्या मोटारींत फिरतीं चाकें एकमेकांत घुसवितांना दांत्यांचा मोठा खडखडाट होत असे. १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनीनें यावर सिंक्रोमेश नांवाची योजना आणली. तींत दांते जुळण्यापूर्वीं घर्षणानें दोहोंचे वेग सारखे केले जातात. हल्लीं हें काम बहुधा निमुळत्या तोंडाची पितळी कडी करते. पितळ पोलादापेक्षां मऊ असल्यामुळें झिजते ती ही कडी. ती स्वतः फार महाग नसते. परंतु तिच्यापर्यंत पोहोंचण्यासाठीं सबंध पेटी उतरवून उकलावी लागते, व पैसे लागतात ते त्यालाच.

आतां परीक्षेकडे वळूं. मोटार पाहण्यास सकाळीं लवकर जावें, आणि आदल्या रात्रींच विकणारास सांगून ठेवावें कीं आम्ही येईपर्यंत ती सुरू करूं नये. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. तें ऊन लागलें तर विकणारानें सांगितलेलें ऐकलें नाहीं, व त्याला तसें कारण असावें, असें धरून चालावें. थंड मोटारींतच जाड ऑईलाची लबाडी उघडी पडते. कारण थंडींत तें अधिकच घट्ट होऊन पहिला व दुसरा गियर टाकतांना दांडी चिखलांत रुतल्यासारखी जड लागते. उलट पंचवीस-तीस किलोमीटर चालून पेटी तापली म्हणजे तेंच ऑईल पातळ होतें व दाबून ठेवलेला आवाज वर येतो. म्हणून परीक्षा दोनदां करावयाची, एकदां थंड असतां व एकदां चांगली तापल्यावर. मधल्या कोमट अवस्थेंत जी मोटार दाखविली जाते तिच्यावर विश्वास ठेवून आम्ही फसलों.

सुरू करण्यापूर्वीं मोटारीखालीं वांकून पाहावें. जमिनीवर तेलाचे डाग आहेत काय, चाकांकडे जाणारे एक्सल पेटींतून जेथें बाहेर निघतात तेथील ऑईल सील ओली आहे काय, हें विजेच्या बत्तीनें दिसतें. जुन्या मोटारीची पेटी थोडी धुळकट असावी हेंच स्वाभाविक. ती एकटीच लखलखीत धुतलेली असेल तर गळती पुसली असण्याचा संभव असतो. पेटी इंजिनास जोडणाऱ्या बोल्टांचीं डोकीं नीट न्याहाळावीं. त्यांवर पान्याचे ताजे ओरखडे असतील तर पेटी अलीकडे उतरविली होती हें निश्चित. क्लचप्लेट बदलण्यासाठींही ती उतरवावी लागतेच, म्हणून एवढ्यावरून दोष देऊं नये; परंतु कां उतरविली हें विचारावें व मेस्त्रीची पावती मागावी. आंतील गियरच्या दांडीचा गोळा व क्लचच्या पायपट्टीवरील रबर हेही साक्षीदार आहेत. मीटरवर ४० हजार किलोमीटर आणि गोळ्यावरील गियरचे आंकडे बोटांनीं पुसून गेलेले, असें दिसलें तर दोहोंपैकीं एक खोटें बोलत आहे, आणि तो बहुधा गोळा नव्हे.

नंतर इंजिन सुरू करून दांडी न्यूट्रलमध्यें ठेवावी व रेडिओ, पंखा वगैरे बंद करून ऐकावें. क्लचवर पाय नसतां घरघर येते आणि क्लच दाबतांच ती थांबते, असें झाल्यास पेटींतील पुढच्या शाफ्टचें बेअरिंग झिजलें आहे असें समजावें. याच्या उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर दोष क्लचच्या रिलीज बेअरिंगचा. तो खर्च तुलनेनें कमी. त्यानंतर क्लच पूर्ण दाबून मनांत चार अंक मोजावे व मग रिव्हर्स टाकावा. बऱ्याच मोटारींत रिव्हर्सला सिंक्रोची सोय नसते. त्यामुळें घाईनें टाकल्यास तो कुरकुरला तर त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु चार अंक थांबूनही दांते खडखडले तर क्लच पुरता सुटत नाहीं. याचें कारण कधीं नुसती ढिली केबल किंवा गळका क्लच सिलिंडर एवढेंच असतें, म्हणून घाबरून उठूं नये; भावांत मात्र धरावें.

क्लचप्लेट घसरते कीं काय हें पाहण्याची जुनी रीत अशी. मोकळ्या जागीं हातब्रेक घट्ट ओढून तिसरा गियर टाकावा, इंजिनास किंचित् वेग द्यावा व क्लच सावकाश सोडावा. इंजिन गचका देऊन बंद पडलें पाहिजे. तें बंद न पडतां घुमतच राहिलें तर प्लेट संपली. ही परीक्षा एकदांच करावी. पुनःपुन्हां केली तर चांगली प्लेटही जळेल, आणि मोटार अद्याप दुसऱ्याची आहे हें विसरूं नये.

रस्त्यावर निघाल्यावर सर्वांत अधिक लक्ष दुसऱ्या गियरकडे द्यावें. खेड्यांतल्या व गांवांतल्या रस्त्यांवर त्याचाच वापर फार, त्यामुळें त्याचा सिंक्रो आधीं जातो. तिसऱ्या गियरमध्यें ताशी ३० किलोमीटरच्या सुमारास असतां क्लच दाबून सरळ दुसरा टाकावा, फार हळू नाहीं व धसमुसळेपणानेंही नाहीं. ‘खर्र’ असा आवाज आला, किंवा हातास दांते आपटल्याचा धक्का लागला, तर कडी झिजली. विकणारा स्वतः चालवून दाखवीत असेल तर त्याच्या हाताकडे पाहावें. ज्याला आपल्या मोटारीची खोड ठाऊक असते तो दुसरा गियर टाकतांना नकळत क्षणभर थबकतो. म्हणून चालविणारा आपलाच मनुष्य असावा.

गियर सुटण्याचा दोष, जो आमच्या वांट्यास आला, तो सपाट रस्त्यावर सहसा दिसत नाहीं. इंजिन चाकांस ओढीत असतां दांते एका बाजूनें दाबलेले असतात. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला कीं चाकें इंजिनास ओढूं लागतात व दाब उलट बाजूस येतो. झिजलेले दांते व सैल झालेली फॉर्क त्या वेळीं धरून राहत नाहींत. म्हणून जवळपासचा घाट किंवा निदान लांब उतार पाहावा, मागें-पुढें वाहन नाहीं याची खात्री करावी, आणि दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या गियरमध्यें पाळीपाळीनें ॲक्सिलरेटर दाबून एकदम सोडावा. या वेळीं दांडीवर हात ठेवूं नये, कारण हातानेंच ती धरली जाते. दांडी नुसती मागेंपुढें डोलत असेल तर इंजिनाचे रबरी माउंटिंग गेलेले असूं शकतात, व ते बदलणें स्वस्त आहे. परंतु ती सुटून न्यूट्रलमध्यें आली तर ती मोटार कितीही कमी भावांत मिळाली तरी आम्ही तिच्याजवळ उभे राहणार नाहीं. येथें प्रश्न पैशाचा नाहीं.

आवाजावरूनही पुष्कळ कळतें. एकाच गियरमध्यें गुणगुण येत असेल तर त्या जोडीचे दांते झिजले आहेत. सर्व गियरमध्यें येत असेल तर बेअरिंगकडे संशय न्यावा. बोलेरो किंवा जुनी अँबॅसडर यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या वाहनांत एक विशेष आहे. त्यांत चौथा गियर म्हणजे शक्ति सरळ आरपार जाते, खालच्या शाफ्टवरून ती जात नाहीं. त्यामुळें पहिल्या तीन गियरांत येणारी घरघर चौथ्यांत थांबली तर खालच्या शाफ्टचा दोष पक्का समजावा. वळणावर कमीजास्त होणारी घूंघूं बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते, आणि स्टिअरिंग पुरतें वळवून हळू चालवितांना येणारी कटकट एक्सलच्या सांध्याची. ती गियरबॉक्सच्या खात्यावर मांडूं नये.

मन बरेंच अनुकूल झालें व सौदा पुढें न्यावयाचा ठरलें, तर ओळखीच्या मेस्त्रीकडून पेटींतलें थोडें ऑईल काढवून पाहावें. शंभर-दोनशें रुपयांचें काम आहे. विकणारा यास नाहीं म्हणाला तर तेंही एक उत्तरच झालें. ऑईल काळपट पण बोटांत सहज ओघळणारें असावें. निचऱ्याच्या बोल्टास पुष्कळदां लोहचुंबक असतें. त्यावर राखाडी रंगाचा मऊ लेप आढळेल, तो नित्याच्या झिजेचा व निरुपद्रवी होय. चिमटींत टोंचणारे पोलादी कण किंवा दांत्याचा तुकडा निघाला तर तेथेंच नमस्कार करावा. पितळी चकाकी दाट दिसली तर सिंक्रोच्या कड्या विरघळत चालल्या आहेत. ऑईल दुधाळ, चहासारखें निघालें तर आंत पाणी गेलें आहे.

या शेवटच्या गोष्टीस आमच्याकडे विशेष महत्त्व आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगली-कोल्हापूरकडे, व जुलै २०२१ मध्यें चिपळूण व पुन्हां कोल्हापूर भागांत महापूर आले. हजारों वाहनें पाण्याखालीं होतीं. गियरबॉक्सला हवा खेळण्यासाठीं वर एक बारीक छिद्र असतें, व वाहन बुडालें म्हणजे त्या वाटेनें पाणी आंत जातें. वेळींच ऑईल बदललें तर निभावतें. तसेंच चालविलें तर बेअरिंगांस गंज चढतो व तो वर्षा-दोन वर्षांनीं बोलतो. अशीं वाहनें दूरच्या जिल्ह्यांत नेऊन विकण्याची वहिवाट आहे. सीटच्या पट्ट्याचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्यावर चिखलाची रेघ बहुधा राहून जाते.

आतां बिनक्लचच्या, म्हणजे ज्यांस आपण ऑटोमॅटिक म्हणतों, त्या मोटारींविषयीं. वडील मंडळींच्या गुडघ्यांचा विचार करून पुष्कळ शेतकरी हल्लीं त्या मागतात. ‘ऑटोमॅटिक’ या एका नांवाखालीं चार अगदीं निरनिराळीं यंत्रें विकलीं जातात, व तें कोणतें हें प्रथम विचारून घ्यावें.

पहिलें एएमटी. हा नेहमीचाच गियरबॉक्स असून क्लच दाबण्याचें व दांडी हलविण्याचें काम तेवढें यंत्र करतें. भारतांत २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओ मोटारींतून ही योजना प्रथम आली. गियर बदलतांना लागणारा हलका झोका हा तिचा स्वभाव आहे, रोग नव्हे. मात्र हिच्यांतही क्लचप्लेट असतेच व ती झिजतेच. चढावर ब्रेक न धरतां ॲक्सिलरेटरवर मोटार तोलून धरणाऱ्या चालकाच्या हातीं फार लवकर. निघतांना मोटार थरथरत असेल किंवा इंजिन घुमून वेग येत नसेल तर प्लेट गेली. खेड्यांतला मेस्त्री हें यंत्र समजूं शकतो, म्हणून आमच्या वाचकांस चौघांत हेंच आम्ही सुचवूं.

दुसरें टॉर्क कन्व्हर्टरचें. अमेरिकेंत ओल्ड्समोबील मोटारींत १९३९ सालीं क्लचच्या पायपट्टीवांचून चालणारी पेटी आली, तेव्हांपासून तेलाच्या प्रवाहानें शक्ति देण्याची ही जात सुधारत गेली आहे. नीट निगा राखली तर ही टिकाऊ. ब्रेक दाबून दांडी न्यूट्रलमधून पुढें व मग मागें टाकावी. एका-दीड सेकंदांत मोटारीनें हलकेंच ओढ घेतली पाहिजे. उशिरा आणि धाडकन् धरत असेल तर आंतील दाब कमी झाला आहे. हिचें ऑईल बहुधा नवें असतां लाल असतें. तें तपकिरी होऊन करपट वास येत असेल तर दूर राहावें. ताशी ५० ते ७० वेगानें अगदीं हलक्या पायानें जातांना खडबडीत रस्त्यावरून चालल्यासारखी थरथर येते काय, हेंही पाहावें.

तिसरें सीव्हीटी. दोन कप्प्यांवरून फिरणारा पट्टा व त्या कप्प्यांची रुंदी कमीजास्त करून वेग बदलणें, ही तिची युक्ति. हॉलंडमधील डाफ कंपनीनें १९५८ सालीं रबरी पट्ट्यावर ती मोटारींत आणली. आतां पट्टा पोलादी असतो. शहरांत ती फार सुखाची. परंतु ठराविक जातीचेंच ऑईल ठराविक मुदतींत बदललें नाहीं तर पट्टा कप्प्यांस ओरबाडतो, व मग दुरुस्ती बहुधा सबंध पेटी बदलण्यावरच येते. ऑईल बदलल्याची पावती नसेल तर घेऊं नये. चौथें दोन क्लचांचें. एक क्लच विषम गियरांस, दुसरा समांस. चालविण्यास अति उत्तम, परंतु कोरड्या क्लचच्या प्रकारांत हळूहळू सरकणाऱ्या गर्दींत क्लच तापतात व झिजतात, आणि तालुक्याच्या गांवीं त्याचा जाणकार मिळणें कठीण.

या चारही प्रकारांत संगणकाची आठवण असते. मेस्त्रीचें स्कॅनर लावून ती वाचवावी. ती परवांच पुसलेली आढळली तर कोणी पुसली हें विचारावें. आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा, कीं ही मोटार कधीं दोरखंडानें ओढीत नेली होती काय. टॉर्क कन्व्हर्टरच्या पेटींत तेल फिरविणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चालकाचीं चाकें जमिनीवर ठेवून ती दूरवर ओढली तर पेटी तेलावांचून फिरते व जळते. ट्रॅक्टरला बांधून मोटार ओढण्याची आमच्याकडे फार संवय आहे.

कागदांविषयीं विस्तार करीत नाहीं. नोंदणीपुस्तक म्हणजे मोटारीचा सातबारा. ‘इतर हक्क’ पाहिल्याशिवाय आपण जमीन घेत नाहीं, तसें त्यावरील बँकेचा बोजा उतरला आहे कीं नाहीं हें पाहावें. बोजा उतरविण्यास नमुना ३५ व बँकेचें पत्र लागतें, आणि मालकी बदलण्यास नमुने २९ व ३०. खरेदीदारानें ३० दिवसांत नोंद करावी असा मोटार वाहन कायदा, १९८८ चा दंडक आहे. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षें चालते, पुढें दर ५ वर्षांनीं नवी करावी लागते; चौदा वर्षांची मोटार स्वस्त कां आहे याचें उत्तर कधीं कधीं एवढेंच असतें. पूर्वीं ती भाड्यानें चालत होती काय हेंही त्यांत कळतें, व भाड्याच्या मोटारीचा क्लच आणि दुसरा गियर यांचे हाल निराळे सांगावयास नकोत.

भाव ठरवितांना मेस्त्रीकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्यावा आणि तो विकणारापुढें ठेवावा. क्लचप्लेट, केबल, माउंटिंग, ऑईल सील हीं कामें भावांतून वजा करून मोटार खुशाल घ्यावी. दुसऱ्या गियरचा सिंक्रो गेला असेल तर पेटी उतरविण्याची मजुरी धरून वजा करावी, व विकणारा तेवढें सोडीत नसेल तर उठावें. बेअरिंगची घरघर, सुटणारा गियर व ऑईलांतील पोलाद यांवर घासाघीस करीत बसूं नये.

मोटार घरीं आली म्हणजे पहिल्या आठवड्यांतच जुनें ऑईल काढून कंपनीच्या पुस्तकांत लिहिलेल्या प्रतीचें नवें भरावें. जीएल-४ लिहिलें असतां दुकानदार जीएल-५ देऊं लागला तर घेऊं नये. त्यांतील कांहीं प्रकार पितळी कड्यांस मानवत नाहींत. पुस्तकांत ‘जन्मभर बदलूं नये’ असें कोठें लिहिलेलें असलें तरी तो जन्म पहिल्या मालकाचा समजावा. आमची दुसरी मोटार आम्हीं पौष महिन्यांत, पहाटे सहा वाजतां, विकणाराच्या दारांत उभें राहून पाहिली. त्या गृहस्थानें प्रथम कपाळास आंठ्या घातल्या, मग चहा सांगितला. चिकोडीच्या रस्त्यानें ३० किलोमीटर चालवून, ऑईल काढून, बोल्टावरील राखाडी लेप रुमालास पुसून आम्हीं इसार दिला. त्या गोष्टीस आतां चार वर्षें झालीं. दर वर्षीं तिला घेऊन कुंभार्ली उतरतों, व तिसऱ्या गियरवर अजूनही, उगीचच, हात ठेवतों.